मोगरीसाठी बिनखांबी शेड

तुम्ही कधी घोड्याच्या पोटात बसून बाहेर बघितलंय?

हसू नका, सरळ प्रश्न आहे. जोतीराम नेसरीकर या माणसानं बघितलंय, आणि एकदा नाही, उमेदीची सगळी वर्षं. कोल्हापुरात पुतळे ओतायचे कारखाने आहेत. गावोगावच्या चौकात घोड्यावर बसलेल्या ज्या वीरांना आपण हार घालतो, त्यांच्या घोड्याच्या ब्राँझच्या कातडीआड लोखंडाचा सांगाडा असतो. तो जोडायला कुणालातरी आत शिरावं लागतं. पोटाला ठेवलेल्या भोकातनं जोतीराम आत जायचा, अंगाची घडी करून बसायचा, तोंडासमोर काच धरायचा आणि वेल्डिंग मारायचा. धुराला बाहेर जायला दुसरी वाट नसायची, तो जोतीरामच्या छातीत जायचा. पुतळा उभा राहिला की फटाके उडायचे, पाटीवर देणगीदारांची नावं यायची. आत बसलेल्याचं नाव कुठल्या पाटीवर? सोडा.

नेसरीच्या शेतात भावांच्या वाटणीत मावला नाही म्हणून हा माणूस शिरोलीला आला होता. पुढं एमआयडीसीत त्यानं स्वतःचं वर्कशॉप टाकलं. गुऱ्हाळांची शेडं बांधली, कोंबड्यांची बांधली, फौंड्रीची बांधली. मंगल कार्यालयं तर विचारू नका. हायवेला जो हॉल दिसेल त्यातला दर दुसरा आपला, असं छाती काढून सांगायचा आणि सांगता सांगता खोकायचा. डोकं कायम तापलेलं. गिऱ्हाइकानं चहा पिता पिता नकाशावर नुसतं बोट ठेवलं तरी, “मंग तुमीच बांधा की,” म्हणून हा उठायचा.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. जित्या घोड्याला तो भ्यायचा. समोरून टांगा आला की रस्त्याची कड धरायचा. ज्याची हाडं त्यानं स्वतःच्या हातानं जोडली, त्याच्या अंगाला जन्मात कधी हात लावला नव्हता.

अशा माणसाच्या दारात दिवाळी झाल्यावर एका सकाळी नजीरा नालबंद येऊन उभी राहिली. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, पायात गमबूट.

“पावणं, जोतीराम नेसरीकर तुमीच काय?”

“व्हय. कशाचं शेड पायजे? कोंबड्या का म्हशी?”

“घोडं.”

“तबेला म्हना की.”

“तबेला हाय. घोड्यावर बसून आत फिरायचं शेड पायजे. पाऊस लागला की आतच शिकवायचं, आतच पळवायचं.”

जोतीरामनं हातातला पाना खाली ठेवला. “घरात घोडं नाचवायचं? कोल्हापुरात आता एवढंच ऱ्हायलंतं.”

“तुमी घोड्याचं काम केलंय म्हंत्यात लोकं. म्हनून आलोय.”

या एका वाक्यावर तो विरघळला. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

नजीरा म्हणजे लालासाब नालबंदची बायको. जुन्या लोकांना लालासाब टांगेवाला म्हटलं की ओळख पटते. टांगे बंद पडले तसं त्यानं पोरांना घोड्यावर बसायला शिकवायला घेतलं. पन्हाळ्याच्या वाटेवर, केर्लीच्या अलीकडं एका ट्रस्टची मोकळी जागा आहे, पोरांच्या खेळासाठी कुणीतरी दिलेली, तिथं. काही वर्षांमागं आषाढात त्या उघड्या मैदानात चिखलावरनं घोडी घसरली आणि लालासाब तिच्याखाली सापडला. घोडी उठली. लालासाब उठला नाही.

त्या दिवसापासनं नजीराचा नेम झाला: पाऊस लागला की खोगीर खुंटीला. आणि आपला पाऊस काय साधा आहे? गगनबावड्याकडनं एकदा भरून आलं की दसऱ्यापर्यंत पाठ सोडत नाही. तेवढे महिने घोडी दाव्याला उभी. उभ्या उभ्या त्यांचे पाय सुजायचे. शिकायला येणारी पोरं पांगायची ती परत यायची नाहीत. आणि नेमके तेव्हाच वरातवाले दारात यायचे, कारण नजीराची मोगरी ही घोडी पांढरीशुभ्र, आणि नवरदेवाला पांढरी घोडी लागते. एकदा, एकदाच, नजीरानं तिला वरातीला दिली होती. डीजेच्या भिंतीसमोर उभी राहून आलेल्या मोगरीनं चारा तोंडात धरला नाही, दोन दिवस नुसती थरथरत उभी. तेव्हापासनं नाही म्हणजे नाही. पण किती वर्षं नाही म्हणणार? रिकाम्या तबेल्यात चारा कुठनं येणार? येत्या पावसाच्या आत डोक्यावर छप्पर आलं तर क्लास टिकणार, नाहीतर मोगरी वरातवाल्याच्या दावणीला जाणार. गोष्ट एवढीच होती. ट्रस्टनं शेड बांधायचं कबूल केलं होतं, नकाशा मागितला होता.

जोतीरामनं नकाशा केला. आणि काय केला म्हणता! साठ फूट रुंद, त्याच्या दुप्पट लांब, मध्ये खांबांची ओळ, छतात उजेडासाठी ओळीनं पारदर्शक पत्रे, समोर प्रचंड दार. थोडक्यात मंगल कार्यालय. फक्त नवरा-नवरीच्या जागी घोडा.

नजीराची पोरगी आयेशा तो कागद बघून गालात हसली. बापामागं घोड्यावर शिकवायचं काम तीच करायची.

“मामा, दार एवढं उंच कशाला? पाऊस सगळा आत येणार.”

“अगं, घोडा, त्यावर मानूस, आन् मानसाचा हात वर. माप घिऊनच काढलंय.”

“हात वर कशाला?”

“तलवार असती की.”

आयेशा फिस्सकन हसली. नजीरानं पदर तोंडाला लावला. “जोतीरामदादा, आमची पोरं शाळा सुटल्यावर येत्यात ओ, लढाईला न्हाई निघत.”

जोतीराम लाल झाला. त्याला घोड्याचं माप ठाऊक होतं ते चौकातल्या घोड्याचं. त्या घोड्यानं आजवर एक पाऊल टाकलेलं नाही. तो बुजत नाही, मुतत नाही, वळत नाही. त्याच्या मापानं घर बांधायची चूक कोल्हापूरकराशिवाय दुसरं कोण करणार? आपल्याला घोडा आठवतो तो चौथऱ्यावरचाच.

“मला कागदातलं कळत न्हाई,” नजीरा म्हणाली. “भुईवर काढून दावा.”

तसं भुईवर काढलं. इमारतीची आखणी करतात तशी मैदानात पांढरी फक्की मारून चारी बाजू आखल्या, खांबांच्या जागी बांबू रोवले. कामील, जोतीरामचा जुना फिटर, दोरी धरायला होता. आखणी झाल्यावर आयेशा मोगरीवर बसून आली. घोडी आली ती फक्कीच्या रेघेपाशी येऊन गच्च थांबली. मान खाली, कान पुढं, नाकपुड्या फुललेल्या. आयेशानं टाच दिली. घोडीनं तिथनंच उडी मारली, रेघेवरनं, जसा काय ओढाच.

“अगं, फक्की हाय ती!” जोतीराम ओरडला.

“तिला कुठं ठावं?” नजीरा म्हणाली. “भुईवर पांढरा पट्टा दिसला की तिला खड्डा वाटतोय. तुमच्या त्या काचंच्या पत्र्यातनं ऊन पडलं की असंच पट्टं पडणार न्हवं का खाली? रोज उड्या मारत बसंल.”

पुढची फेरी सुरू झाली. मोगरी आता गोल पळत होती. मधल्या बांबूजवळनं वळताना एक कुत्रं आडवं गेलं, घोडी बुजून एका अंगाला सरकली, आणि आयेशाचा गुडघा बांबूवर आदळला. बांबू मोडला. आवाज असा झाला की कामीलच्या हातातली दोरी सुटली. आयेशा कशीबशी बसून राहिली, ओठ दातात धरून.

नजीरा धावली नाही. मोडलेल्या बांबूकडं बघत राहिली. मग जोतीरामला म्हणाली, “बांबू हुता म्हनून मोडला. हितं तुमचं लोखंड असतं तर काय मोडलं असतं?”

ती काही ओरडून म्हणाली नव्हती. ओरडली असती तर जोतीरामनं उलट ओरडून वेळ मारून नेली असती.

“खांबाबिगर साठ फूट पेलत न्हाई,” तो खेकसला. “छप्पर काय हवेत लोंबकळणार?”

“बिनखांबी गणपतीच्या गावात ऱ्हाताय आन् हे मला सांगताय?”

“मंग त्या गणपतीलाच बांधायला सांगा!” म्हणून तो गाडीला किक मारून निघून गेला. नकाशा तिथंच मातीत पडला.

तो परत येईल असं कामीलला वाटलं नव्हतं. आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, एकटा. तबेल्यापासनं चांगला लांब उभा राहिला, हात पाठीमागं बांधून. नजीरा लीद काढत होती. तिनं बघितलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. घोड्यांची माणसं भ्यालेल्याला घाई करत नाहीत.

“दादा, या की जवळ.”

“हितनं दिसतंय.”

“दिसून काय उपेग? या. हात उलटा धरा, मूठ करून. वास घिऊ द्या तिला.”

साठी उलटलेल्या त्या माणसानं लहान पोरासारखा हात पुढं केला. मोगरीनं नाक लावलं. मऊ, ओलसर, गरम. मग नजीरानं त्याचा पंजा धरून घोडीच्या पोटावर ठेवला. जोतीराम हललाच नाही. आयुष्यभर त्यानं जे पोट ओळखलं होतं ते आतनं काळं, थंड, हातोडा मारला की घणघणणारं. हे पोट श्वास घेत होतं. हात वर जात होता, खाली येत होता. त्याच्या स्वतःच्या छातीत घरघर होती, ही घोडी मात्र एवढा मोठा श्वास आवाज न करता घेत होती.

“लई सावकाश घेती ओ श्वास,” तो म्हणाला.

“भ्याली न्हाई म्हनून.”

तिथनं त्यानं नवा नकाशा धरला. खांब काढायचे तर छप्पर पेलणारी लोखंडी कैची खोल आणि जड करायची, बाजूचे खांब थोराड करायचे, पाया दुप्पट घ्यायचा. त्यानं ते मांडलं. उजेडाचे पत्रे छतातनं काढून भिंतींच्या माथ्याला आणले, म्हणजे खाली पट्टे पडायचे नाहीत. गुऱ्हाळाच्या छपराला धूर जायला वर मोकळी कणी ठेवतात तशी कणी ठेवली, म्हणजे घोड्यांच्या अंगाची वाफ आणि मुताचा उग्र वास निघून जाईल, पत्र्याला घाम सुटून गंज चढणार नाही. दार खाली आणलं, तलवार काढून टाकली. उंचीचं माप मात्र पुतळ्यानं बरोबर दिलं होतं: घोडी बुजून मागच्या पायांवर उभी राहिली तरी वरच्या माणसाचं डोकं कैचीला लागता कामा नये.

राहिला प्रश्न आवाजाचा. पत्र्यावर आपला पाऊस पडतो तेव्हा आत दोन माणसांना बोलता येत नाही. पत्र्याखाली काचेच्या लोकरीची गादी घालायचं ठरलं, पण आवाज निम्मा झाला तरी निम्मा राहणारच.

“टांग्याचं नवं घोडं आनलं की लालासाबचा बाप त्याला म्हैनाभर पत्र्यावाल्यांच्या गल्लीत बांधायचा,” नजीरा म्हणाली. “डबं ठोकायच्या आवाजात. हातानं चारा घालत बसायचा. कान मेलं न्हाईत, पर भ्या मेलं की मंग टांग्याला जुपायचं. आता ती गल्ली कुठं ऱ्हायली?”

“माझं वर्कशॉप हाय की.”

आणि मोगरी शिरोलीला आली. टेम्पोतनं उतरली तेव्हा शेजारच्या फौंड्रीतली माणसं कामं टाकून बघायला आली. कुणी विचारलं, “जोतीराममामा, नवीन क्रेन काय?” कुणी म्हणालं, “मालकाचं लगीन ठरलं वाटतं.” जोतीरामनं सगळ्यांना शिव्या घातल्या आणि तिला वर्कशॉपच्या मागं लिंबाखाली बांधली, लांब. मग रोज थोडी जवळ. पत्र्यावर हातोडा पडला की ती दावं ताणायची, डोळ्याचं पांढरं दिसायचं. जोतीराम जेवणाचा डबा घेऊन तिच्याजवळ बसायचा आणि भाकरीचा तुकडा तळहातावर धरायचा. बोलायचा काय, तर शिव्याच, पण हळू आवाजात.

एके दिवशी वेल्डिंगच्या धुरानं मोगरी शिंकायला लागली. जोतीराम उठला, गेला, आणि संध्याकाळच्या आत भिंतीला भोक पाडून धूर ओढायचा मोठा पंखा बसवला.

कामील बघत होता. म्हणाला, “मालक, घोडी आली तवा पंखा आला. आमी काय गाढवं हुतो काय इतकी वर्षं?”

सगळे हसले. जोतीराम हसला नाही. पंख्याकडं बघत राहिला आणि मग त्याला जी खोकल्याची उबळ आली ती थांबेना. डॉक्टरनं नुकतंच त्याला सांगितलं होतं की दोन्ही फुप्फुसं गेलेली आहेत, काम थांबवा. त्यानं ते घरात सांगितलं नव्हतं. कामीलला सांगितलं, त्या पंख्याखाली उभं राहून. आणि बजावलं, “शेड हुईस्तवर तोंड उघडलंस तर बघ.”

मग ट्रस्टची बैठक झाली. अध्यक्ष यशराज, तरुण, गोड बोलणारा, कुणालाही काका म्हणणारा. त्याच्यापुढं जुना नकाशाही होता आणि नवाही. खांबांचा स्वस्त पडतो हे कुणीही सांगेल. जोतीरामनं पिशवीतनं मोडका बांबू काढला आणि टेबलावर ठेवला.

“हा खांब. ह्याच्यावर पोरीचा गुडघा आदळलाय. ह्या जागी लोखंड लावायचं असंल तर दुसरा मानूस बघा. माझ्या हातनं हुनार न्हाई.”

भांडायच्या तयारीनंच तो गेला होता. पण यशराजनं बांबू बाजूला सारला, दोन्ही नकाशे बघितले आणि हसला.

“काका, चिडताय कशाला? बिनखांबीच करू. उलट झकास होईल. मधे खांब नसला की पंगतीला अडचण नाही.”

“कसल्या पंगती?”

“अहो, घोडे काय बारा महिने आत असणार आहेत? लग्नसराईत जागा मोकळीच. इकडं स्टेज घेऊ, तिकडं जेवणं. खाली फरशी घातली की झालं.”

बैठकीतले सगळे माना डोलवायला लागले. जोतीराम उभाच. बघा, कशी गंमत असते. तो एका खांबाशी भांडायला गेला आणि जिंकला. आणि जिंकला म्हणूनच ती जागा वऱ्हाडाला जास्त सोयीची झाली. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. नजीरा बाहेर थांबली होती. तिला आत कुणी बोलावलं नव्हतं, घोडे तिचे असून.

“झालं?”

“झालं. बिनखांबी मंजूर.”

“मंग तोंड का असं?”

त्यानं सांगितलं. “फरशीवर घोडं घसरतंय, दादा,” नजीरा एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासनं जोतीरामनं नकाशावर कुणाला काही दाखवणं बंद केलं. मंजूर झालेलं ते शेड त्यानं असं बांधायला घेतलं की त्यात लग्न लागूच नये. रिंगणाची जमीन बाहेरच्यापेक्षा खोल खोदून घेतली. खाली दगड, वर मुरूम, त्यावर वाळूचा जाड थर: खुराला मऊ, बुटाला वैताग. चारी बाजूंना आतनं लाकडी फळ्यांची भिंत फिरवली, पायाशी आत आलेली आणि वर बाहेर कललेली, म्हणजे घोडा भिंतीला लागून पळाला तरी बसणाऱ्याचा गुडघा लाकडाला लागत नाही. तिला टेकून खुर्ची लागत नाही, सोफा तर नाहीच. स्टेजसाठी सोडलेल्या जागेत चारा-पाण्याची खोली उठवली. माणसं यायचं वेगळं दार ठेवलंच नाही. घोडा जिथनं येतो तिथनंच पाहुण्यानं यावं, लीद चुकवत.

उन्हाळ्यात कैच्या चढल्या तेव्हा त्याला शिडी चढवत नव्हती. खाली खुर्ची टाकून बसायचा, नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि त्या नळीतनंही शिव्या. “कामील, बोल्ट तिरका गेलाय. हितनं दिसतंय मला. आंधळा हाईस काय?” आयेशा दुपारी ताक घेऊन यायची. आजार आता लपण्यासारखा नव्हता, त्याच्या घरचे येऊन रागावून जायचे. हा हलायचा नाही.

यशराज एकदा बघायला आला. वाळूत त्याचा बूट रुतला.

“काका, फरशी?”

“फरशीवर घोडं घसरतं.”

“ते ठीक. मग नंतर घालून घेऊ.”

“घाला की,” जोतीराम म्हणाला. “मला तेवढं आधी जाऊ दे.”

यशराज हसला. त्याला ते बोलणं चेष्टेचं वाटलं.

वैशाखात शेवटचा पत्रा बसला. पावसाची वाट बघायला जोतीरामजवळ वेळ नव्हता, हे त्याला आणि कामीलला ठाऊक होतं. त्यानं टँकर बोलावला. टँकरच्या पाइपनं छतावर पाण्याचा फवारा सोडायचा आणि आत आयेशानं मोगरीला फिरवायचं, असं ठरलं. खुर्ची रिंगणाच्या दाराशी ठेवली. नजीरा त्याच्या बाजूला उभी, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत.

पाणी पडलं. लोकरीच्या गादीतनंही तो आवाज आत आला, घुमला. मोगरी थांबली. डोकं वर, कान ताठ, सगळं अंग ताणलेल्या दोरीसारखं. नजीरानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. घोडीनं एक पाय उचलला, तसाच धरला. जोतीरामनं नाकाची नळी काढली आणि हळू आवाजात, शिरोलीला लिंबाखाली द्यायचा तशी एक शिवी दिली. अशी शिवी की इथं लिहिता येत नाही.

मोगरीचा कान त्याच्याकडं वळला. पाय खाली आला. ती चालायला लागली. मग दुडकी. वळणावर आयेशाचा गुडघा भिंतीपासनं हातभर लांबनं गेला, परत गेला, परत गेला. वर पाणी कोसळत होतं आणि खाली वाळूत खुरांचा आवाज येत होता, भरीव, जरासुद्धा न घसरता.

“लालासाबला दावायला पायजे हुतं ओ हे,” नजीरा म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

जोतीरामच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण ते खोकल्यानंही यायचं, त्यामुळं कुणी विचारलं नाही.

मृगाच्या आधीच तो गेला. नेसरीला नेला. नजीरा आणि आयेशा बसनं गेल्या, कामील तर गाडीत त्याच्या पायाशी बसून गेला. ट्रस्टनं पेपरात दोन ओळींची श्रद्धांजली दिली आणि त्यात त्याचं आडनाव चुकवलं.

यंदा पाऊसभर त्या शेडात क्लास चालला. खोगीर एक दिवसही खुंटीला गेलं नाही. भिजत, छत्र्या उलट्या होत पोरं यायची आणि आत येऊन कोरड्या वाळूत घोड्यावर बसायची. मोगरीचे पाय सुजले नाहीत. वरातवाला आला तो नजीरानं दारातनं परत पाठवला, आणि चहासुद्धा विचारला नाही.

आता दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली. केर्लीच्या अलीकडं रस्त्याला एक नवा फलक लागलाय: शुभकार्यासाठी भव्य बिनखांबी हॉल, बुकिंग सुरू. शेडाबाहेर फरशीचे गठ्ठे येऊन पडलेत. फळ्या काढायच्या, वाळू उपसायची, खड्डा भरायचा, असं ठरलंय. यशराज वाईट माणूस नाही. नजीराला त्यानं नीट समजावलं, की पावसाळ्यात वाळू परत टाकून देऊ, घोडे परत आणा. नजीरानं त्याला एकच विचारलं, “फरशीवर वाळू टाकून त्यावर घोडं पळवायचं? माझा नवरा चिखलावरनं गेला. आता पोरगी फरशीवरनं घालवू?” फरशीचे गठ्ठे अजून तिथंच आहेत. आणि वरातवाला परवा पुन्हा येऊन मोगरीचे दात बघून गेलाय. त्याला वास लागलाय.

यात ट्रस्टला शिव्या घालून हात झटकणं सोपं आहे. पण हॉल कुणासाठी होतोय? तुमच्या माझ्या घरातल्या लग्नांसाठीच ना? पार्किंग ऐसपैस, मधे खांब नाही, फोटो छान येतात. मागणी आपली, म्हणून फरशी त्यांची. बुकिंग झालं नाही तर कुणी वाळू उपसणार नाही. एका जागेत एकतर पंगत बसेल नाहीतर मोगरी फिरेल, आणि हे ठरवणं यशराजच्या नाही, तुमच्या हातात आहे.

म्हणून सरळ मागतो. घरात लग्न ठरलं असेल तर तो हॉल घेऊ नका. पाहुण्यांनी घेतला असेल तर आजच फोन करून त्यांना ही सगळी हकीकत सांगा. आणि एवढं करूनही त्या पत्त्याची पत्रिका तुमच्या हातात आलीच, तर आशीर्वाद नवरा-नवरीच्या घरी जाऊन द्या, पण त्या शेडात जेवायला बसू नका.